आलेग्रो म्हणजे किती?

चिंचोळी एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये जा, मोटारीच्या अंगावर पत्र्याची एक लहानशी पाटी असते आणि तिच्यावर आरपीएमचा आकडा असतो. १४४० लिहिले असेल तर मिनिटाला १४४० फेरे. मोटार सोलापुरात बसवा नाहीतर जर्मनीत, फिटरला त्या आकड्यातून एकच गोष्ट कळते. अशा कामात दिवस घालवणाऱ्या माणसाची मुलगी की-बोर्ड शिकायला लागते, ग्रेड परीक्षेचे पुस्तक घरी येते आणि पहिल्याच पानाच्या डोक्यावर 'आलेग्रो' हा शब्द दिसतो. अर्थ विचारला तर उत्तर मिळते, 'जलद'. मग जलद म्हणजे किती?

प्रश्न रास्त आहे. त्याचा माग काढला की पाश्चात्त्य संगीतातले निम्मे शब्द उलगडतात, आणि त्यांनी ज्या गोष्टींकडे बोट दाखवले आहे त्या बहुतेक आपल्या कानांना आधीपासून ओळखीच्या आहेत हेही लक्षात येते.

इटालियन माणसाच्या रोजच्या बोलण्यात आलेग्रो म्हणजे आनंदी. आंदान्ते म्हणजे चालते, लार्गो म्हणजे ऐसपैस, आदाज्यो म्हणजे सावकाश, निवांतपणे. विवाचे म्हणजे चैतन्याने भरलेले. प्रेस्तो एवढाच सरळसरळ 'लवकर' असा आहे. म्हणजे या शब्दांनी मुळात चालीचा स्वभाव सांगितला आणि वेग त्या स्वभावातून आला. आनंदी चाल साहजिकच थोडी झपझप जाते, ऐसपैस चाल रेंगाळते. सतराव्या-अठराव्या शतकात हेच शब्द रचनेच्या डोक्यावर इतक्या वेळा लिहिले गेले की पुढे ते वेगाची नावे होऊन बसले. म्हणूनच 'आलेग्रो' लिहिलेली एखादी रचना चक्क उदास असू शकते; तिथे शब्द फक्त वेगापुरता उरलेला असतो.

वेगाला पक्का आकडा मिळाला तो १८१५ मध्ये. योहान मेल्त्सेल याने मेट्रोनोमचे पेटंट घेतले. ठराविक गतीने टकटक करणाऱ्या या यंत्राची मूळ कल्पना आम्स्टरडॅमच्या विंकेल या कारागिराची होती, पण नाव झाले मेल्त्सेलचे. बेथोव्हेनला हे यंत्र फार आवडले. १८१७ मध्ये त्याने तोवरच्या आपल्या आठही सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. त्याच वर्षीच्या एका पत्रात त्याने म्हटले आहे की आलेग्रो, आंदान्ते हे शब्द टाकूनच द्यावेत असे आपल्याला बरेच दिवस वाटते, कारण आलेग्रो म्हणजे आनंदी आणि प्रत्यक्षात रचना कितीतरी वेळा त्या अर्थापासून लांब असते. तरीही शेवटपर्यंत त्याने ते शब्द सोडले नाहीत, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. आकडा मिनिटाला किती ठोके एवढेच सांगतो. त्या ठोक्यांवर पाऊल कसे टाकायचे, हे सांगायला शब्दच लागतो.

आज जुजबी अंदाज असा देता येतो : लार्गो मिनिटाला ४० ते ६० ठोके, आंदान्ते ७६ ते १०८, आलेग्रो १२० ते १५६, प्रेस्तो १६८ च्या वर. की-बोर्डवर 'टेम्पो १२०' असा आकडा दिसतो तो हाच. पण पुस्तकागणिक या सीमा सरकतात. आंदान्तीनो हा शब्द तर आंदान्तेपेक्षा जलद की संथ, याबद्दल बेथोव्हेनच्या काळीही एकमत नव्हते. आता बहुधा 'किंचित जलद' असे मानतात.

आपल्याकडे लयीची नावे वेगळ्या वाटेने आली. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, म्हणजे आजच्या दौलताबादेत, 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात द्रुत, मध्य आणि विलंबित यांचे नाते हिशेबाचे आहे : द्रुताच्या दुप्पट कालावधी मध्याचा, मध्याच्या दुप्पट विलंबिताचा. इथे आनंद नाही, चालणे नाही, एका लयीचे दुसरीशी असलेले प्रमाण आहे. आज मैफलीत इतके काटेकोर प्रमाण कोणी मोजत नाही, पण विचाराची बैठक तीच राहिली. विलंबित म्हणजे किती, हे गायक त्या दिवशी ठरवतो आणि बाकीचे त्यावरून ठरते.

आणि आपले विलंबित किती लांब जाते पाहा. ख्यालातल्या अतिविलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या पुढेही जाते. म्हणजे मिनिटाला पंधरा-सोळा मात्रा. नेहमीच्या चावीच्या मेट्रोनोमवर सर्वांत खालचा आकडा ४० असतो, त्याला हे मोजताच येत नाही. इतक्या लांब मात्रेत गायक हरवत नाही, कारण तबलजी मात्रेच्या पोटातले भाग ठेक्यात भरत असतो.

इथे एक गल्लत हमखास होते. इटालियनमध्ये 'अच्चेलेरांदो' म्हणजे लय वाढवत नेणे. आपली मुले त्याला पटकन 'दुगुन' म्हणतात, पण दुगुनीत लय वाढत नाही. ठेका त्याच गतीने चालू राहतो, एका मात्रेत दोन स्वर किंवा दोन बोल बसतात एवढेच. पायाने मात्रा मोजत असाल तर दुगुनीत पायाची गती तीच राहिली पाहिजे. अच्चेलेरांदोत पायच जलद पडायला लागतो. सतारीवरचा 'झाला' शेवटाकडे चढत जातो, ते अच्चेलेरांदो. गावातल्या भजनात गजर सुरू होतो, टाळ संथ पडत असतात आणि दहा मिनिटांत वारकऱ्यांची पावले जमिनीवर ठरत नाहीत, तेही अच्चेलेरांदो. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या वाटेवर, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच गजरात आणखी एक गोष्ट घडत असते : आवाज वाढतो. त्याला 'क्रेशेंदो' म्हणतात. दोन्ही एकदमच होत असल्यामुळे कानाला ती एकच वाटतात, पण कागदावर ती निराळी लिहिली जातात आणि वाजवणाऱ्याला ती निराळी करता आली पाहिजेत. लय कणभरही न वाढवता आवाज चढवणे फार कठीण असते. राव्हेलचा १९२८ चा 'बोलेरो' जवळजवळ पंधरा मिनिटे एकाच लयीत चालतो. साइड ड्रमचा एकच ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि आवाज मात्र कुजबुजीपासून सगळ्या वाद्यवृंदाच्या गर्जनेपर्यंत. क्रेशेंदो म्हणजे काय हे शिकवायला मी तरी दुसरे उदाहरण घेणार नाही.

लय उतरवायला 'रितार्दांदो' किंवा 'राल्लेन्तांदो', पुन्हा मूळ लयीवर यायला 'आ तेम्पो'. 'रुबातो' मात्र थांबून समजून घ्यावा असा आहे. शब्दशः तो चोरलेला वेळ. एका स्वरावर थोडा जास्त रेंगाळायचे आणि पुढे ते भरून काढायचे. शोपँच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे की त्याचा डावा हात लय धरून असे आणि उजवा त्यावर मोकळा फिरे. नाट्यगीत गाणारा गायक ठेक्याच्या मागे रेंगाळतो, शब्द ओढतो आणि समेवर बरोबर येऊन बसतो, तिथे तबला डाव्या हाताचे काम करत असतो. मराठी कानाला रुबातो शिकवावा लागत नाही, फक्त त्याचे नाव सांगावे लागते.

हे शब्द इटालियनच का? सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपला संगीत इटलीने पुरवले म्हणून. १५०१ मध्ये पेत्रुच्ची याने व्हेनिसमध्ये बहुस्वरी संगीताचे पहिले छापील पुस्तक काढले. ऑपेरा १६०० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये जन्मला. पॅरिसच्या दरबारात मानाला चढलेला लुली मूळचा फ्लॉरेन्सचा, आणि जर्मन हँडेल इटलीत शिकून लंडनला गेला. जो जिथे गेला तिथे हे शब्द सोबत गेले. पुढे शुमान आणि माहलर यांनी जर्मन सूचना लिहिल्या, देब्युसीने फ्रेंच. पण वादकांची सामायिक भाषा इटालियनच राहिली.

आवाजाच्या सूचनांचा उगम तर एका वास्तूशी जोडलेला आहे. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये समोरासमोरच्या सज्जांत वादकांचे दोन ताफे बसत. तिथल्या जोव्हान्नी गाब्रिएली याने १५९७ मध्ये 'सोनाता पियान ए फोर्ते' छापली, म्हणजे हळू आणि जोराची सोनाता. एकच ताफा वाजत असताना 'पियानो', दोन्ही मिळून वाजताना 'फोर्ते'. आवाज किती ठेवायचा हे छापून सांगणाऱ्या सर्वांत जुन्या रचनांमध्ये तिची गणना होते. पुढे शंभर वर्षांनी, १७०० च्या सुमारास, फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने एक नवे वाद्य बनवले. तोपर्यंतच्या हार्पसिकॉर्डची तार टोकदार पिसाने छेडली जाई, बोट हळू ठेवा की जोरात, आवाज जवळपास सारखाच. क्रिस्तोफोरीने पिसाच्या जागी हातोडी बसवली आणि बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा होऊ लागला. हळूही वाजते आणि जोरातही, अशी त्या वाद्याची ओळख झाली आणि तिचा पहिला शब्द तेवढा नाव म्हणून उरला : पियानो.

मुलांसाठी की-बोर्ड विकत घेणाऱ्या पालकांनी ही तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. स्वस्त की-बोर्डच्या पट्ट्यांना बोटाचा जोर कळत नाही. त्यावर मूल कितीही हळुवार वाजवो, पियानो आणि फोर्ते यांतला फरक निघणारच नाही; ते हार्पसिकॉर्डच राहील. दुकानात 'टच रिस्पॉन्स' आहे का, हे विचारूनच घ्यावे. आपल्या पेटीचे तसे नाही. तिथे डावा हात भात्यावर असतो आणि चांगला पेटीवादक भात्याच्या दाबाने क्रेशेंदो सहज करतो.

पानावर हे शब्द पूर्ण लिहीत नाहीत. 'पी' अक्षर म्हणजे पियानो, 'एफ' म्हणजे फोर्ते, त्यांच्या आधी 'एम' लावले तर मेत्सो, म्हणजे मध्यम. अक्षर दोनदा आले की पियानिस्सिमो, फोर्तिस्सिमो. चायकोव्हस्कीने १८९३ च्या सहाव्या सिंफनीत बसूनसाठी एके ठिकाणी सहा वेळा 'पी' लिहिला आहे, आणि त्या जवळजवळ न ऐकू येणाऱ्या स्वरापाठोपाठ सगळा वाद्यवृंद कोसळतो. सहा 'पी' म्हणजे किती डेसिबल, असे कोणतेही कोष्टक नाही. सगळी मापे एकमेकांच्या तुलनेत आहेत. आपल्या विलंबित-द्रुतासारखीच.

मग येते स्वर जोडण्या-तोडण्याची बाब. 'लेगातो' म्हणजे स्वर एकमेकांना बांधून वाजवणे, 'स्ताक्कातो' म्हणजे सुटे, तुटक. व्हायोलिनच्या तारा गज बाजूला ठेवून बोटाने छेडायच्या असतील तर 'पित्सिकातो', पुन्हा गज घ्यायचा तर 'आर्को'. आपल्याकडची मींड लेगातोच्याही पुढे जाते, कारण लेगातोत स्वर खंड न पडता येतात पण आपापल्या जागीच असतात, आणि मींडेत दोन स्वरांमधली सगळी वाट ऐकू येते. तिच्या जवळचा शब्द 'पोर्तामेन्तो'.

गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा देता देता पाश्चात्त्य स्वरलिपीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला इथे चिन्हे फसवतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पाश्चात्त्य लिपीत स्वराच्या डोक्यावर किंवा खाली टिंब म्हणजे स्ताक्कातो, आणि स्वराच्या शेजारी टिंब म्हणजे त्याची लांबी दीडपट. कंसासारखी कमान भातखंड्यांनी स्वरांच्या वर दिली ती मींडेसाठी. पाश्चात्त्य लिपीत तीच कमान लेगातो सांगते, पण एकाच उंचीच्या दोन स्वरांना जोडत असेल तर दोन्ही मिळून एकच लांब स्वर वाजवायचा असतो. कमानीच्या पोटात टिंब दिसले तर 'फेर्माता' : स्वर धरून ठेवा, किती ते वाजवणाऱ्याने किंवा संचालकाने ठरवावे.

विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुसकर या दोघांनीही बंदिशी कागदावर उतरवल्या. त्यांत स्वर आहेत, ताल आहे, मात्रा आहेत, सम-खाली आहे. पण इथे आवाज लहान करा, इथे हळुवारपणे, इथे आवेशाने, असे जवळजवळ काही नाही. ही उणीव मानणे मला बरोबर वाटत नाही. ते सगळे गुरूच्या गळ्यातून शिष्याकडे जात होते आणि दोघे एका खोलीत बसलेले होते. व्हिएन्नात लिहिलेली रचना लंडनमध्ये, रचनाकाराला कधीही न भेटलेले साठ लोक वाजवणार असतील तर 'दोल्चे' म्हणजे गोडव्याने, 'कांताबिले' म्हणजे गायल्यासारखे, 'कोन फुओको' म्हणजे आगीने, हे लिहूनच पाठवावे लागते.

ही दोन्ही जगे एका खोलीत आली ती मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत, आणि ती आणली गोव्याच्या माणसांनी. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असत. तिथे मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून दो-रे-मी गाणे, आणि व्हायोलिन शिकवले जाई. चर्चच्या प्रार्थनासंगीतासाठी तयार झालेली ही मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली, धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावच्या 'कूड'मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिली, हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली. बोलपट आले तेव्हा चित्रपटसंगीताला कागद वाचून एका तालमीत वाजवू शकणारे वादक हवेच होते.

कामाची पद्धत साधारण अशी असे. संगीतकार पेटी घेऊन चाल गाऊन दाखवी. तो बहुधा आपल्या परंपरेत वाढलेला. चाल त्याच्या गळ्यात असे, कागदावर नसे. संगीत संयोजक ती ऐकून स्वरलिपीत उतरवी, तिच्याभोवती व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो यांचे सूर रची आणि प्रत्येक वादकासमोर त्याचा कागद ठेवी. गाणे सलग ध्वनिमुद्रित होत असे. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी 'इथे जरा हळू' असे प्रत्येकाला तोंडी सांगत बसणे शक्यच नव्हते. पानावर क्रेशेंदोची पसरत जाणारी खूण दिसली की सारे व्हायोलिन एकदम चढत.

पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, 'अलबेला'त (१९५१) जो नवा झोत आला त्यात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा होता. शंकर-जयकिशन यांच्या भरगच्च वाद्यवृंदामागे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा होते. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचले, पण ते एका खऱ्या संगीतकाराचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना त्यातून सादर केल्या. राग स्वरलिपीत मांडणे, हा त्यांचा ध्यास होता. मला हा माणूस फार मोठा वाटतो, आणि महाराष्ट्रातल्या संगीताच्या अभ्यासक्रमांत त्याचा धडा असायला हवा असे मनापासून वाटते. पुढे अनिल मोहिले यांच्यासारख्या मराठी संयोजकांनी हेच शास्त्र भावगीतांपर्यंत आणले.

या स्टुडिओंत एक इटालियन शब्द इतका रुळला की तो आपलाच झाला : 'ऑब्लिगातो'. मूळ अर्थ अनिवार्य, म्हणजे रचनेतला गाळता न येणारा वाद्याचा भाग. मुंबईच्या वादकांनी तो गायकाच्या चालीमागून जाणाऱ्या दुसऱ्या चालीसाठी वापरला. गायक ओळ गात असतो आणि मागे व्हायोलिनचा ताफा वेगळीच, पण तिला सांभाळून घेणारी रेघ ओढत असतो, ती ऑब्लिगातो. सेबॅस्टियन यांचा त्यात हातखंडा होता.

उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. इटालियनमधला त आणि द आपल्यासारखाच दातांवर येतो. त्यामुळे 'लेगॅटो', 'स्टॅकॅटो' ही इंग्रजी वळणे घेण्याचे मराठी माणसाला काही कारण नाही. लेगातो, स्ताक्कातो हेच आपल्या तोंडाला सोपे आणि मुळाला जवळचे आहे.

लांबलचक सूचना दिसल्या तर त्या तुकड्यांनी वाचाव्यात. 'पोको' म्हणजे थोडे, 'मोल्तो' म्हणजे फार, 'पियू' म्हणजे अधिक, 'मेनो' म्हणजे कमी, 'मा नोन त्रोप्पो' म्हणजे पण अति नको. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीच्या पहिल्या भागावर 'आलेग्रो मा नोन त्रोप्पो, उन पोको माएस्तोसो' असे आहे : जलद, पण अति नको, थोड्या भारदस्तपणाने. 'दा कापो' आले की पहिल्यापासून, 'दाल सेन्यो' आले की खुणेपासून, आणि 'फीने' दिसेल तिथे संपवायचे. अंतरा झाल्यावर स्थायीवर परतणाऱ्या आपल्या गायकाला हा रस्ता नवा नाही.

शब्द पाठ करण्याआधी मुलीला शंकर-जयकिशन यांचे पन्नासच्या दशकातले एखादे गाणे दोनदा ऐकवावे. पहिल्यांदा नेहमीसारखे. दुसऱ्यांदा गायकाकडे लक्ष न देता, हातात पेन्सिल घेऊन : व्हायोलिन कुठे बोटांनी छेडले, कुठे गजाने बांधून वाजवले, आवाज कुठे चढू लागला, चढताना लय जागची हलली की नाही, अंतऱ्यात ऑब्लिगातो कोणत्या ओळीपाशी शिरली. मग पुस्तक उघडून प्रत्येक खुणेसमोर तिचे इटालियन नाव लिहावे.